ज्वारीच्या शिवारातून शिरवाळ्यांपर्यंत : सिलिॲक असलेल्या लेकीबरोबरचा प्रवास

जानेवारीच्या अखेरीस शाळेतून रजा काढून पुण्याहून गाडीनं निघालो. सोलापूर, मंगळवेढा, पंढरपूर, कोल्हापूर आणि शेवटी मालवण. नकाशावर ही वाट वाकडी दिसते, कारण ती आम्ही जेवणावरून आखली होती. लेकीला सिलिॲक नावाचा आजार आहे. गहू, जव आणि त्यांचं काहीही तिला चालत नाही, चिमूटभरसुद्धा नाही. त्यामुळे कुठे जायचं ठरलं की आम्ही आधी तिथलं धान्य बघतो : ज्वारी कुठे पिकते, भात कुठे पिकतो. एरवी तिचं सगळं जेवण डब्यात घेऊन फिरतो. या वेळी मात्र तिनं वाटेतल्या माणसांच्या हातचं, गरमगरम, पानात वाढलेलं खावं अशी माझी फार इच्छा होती.

तरी गाडीच्या डिकीत अर्धं स्वयंपाकघर होतंच. लोखंडी तवा, छोटी परात, उलथनं, नवी सुती फडकी, घरच्या घरघंटीवर दळलेलं ज्वारीचं पीठ, राजगिऱ्याच्या वड्या आणि हिंगाची आपली डबी. बाजारात मिळतो तो बहुतेक बांधणीचा हिंग, आणि त्यात डिंकाबरोबर बऱ्याचदा मैदा किंवा कणीक असते. डबीवरचे घटक वाचल्याशिवाय घेऊ नका. फोडणीतला हा हिंग कुणाच्याच ध्यानात येत नाही, कारण आमटीत गहू कुठून येणार असंच प्रत्येकाला वाटतं.

पहिला दिवस : सोलापूर

दुपारी पोचलो. जानेवारी असूनही ऊन चटका देत होतं. सोलापुरात थांबण्याचं कारण एकच, कडक भाकरी. पापडासारखी पातळ, कडकडीत भाजलेली, मोडली की खटकन आवाज होणारी. आठ-पंधरा दिवस सहज टिकते, म्हणजे आमच्यासारख्यांना प्रवासात सोन्यासारखी. एका ओळखीच्या बाईंनी एका घराचा पत्ता दिला होता. तिथल्या ताई दुकानांना भाकऱ्या पुरवतात. मी पहिलाच प्रश्न विचारला, "चपात्या पण करता का?"

"नाही हो, आमच्यात फकस्त ज्वारी आन् बाजरी. चपातीचं काम पलीकडच्या गल्लीत."

तरी पीठ मी आमचंच दिलं. गिरणीत आधी गहू दळून गेलेला असला की त्याचं पीठ चक्कीच्या दगडांत राहतं आणि पुढच्या दळणात उतरतं. घरी घरघंटी नसेल तर गिरणीवाल्याशी बोलून, चक्की झाडून, आधी मूठभर ज्वारी दळून ती टाकून द्यायची आणि मग आपलं दळण घालायचं, एवढं तरी करावंच. तेही पूर्ण निर्धोक नाही. पाकीटबंद पीठ घेणार असाल तर त्यावर 'ग्लुटेन-फ्री' लिहिलेलं आहे का बघा. ग्लुटेन म्हणजे गव्हा-जवातलं चिकट प्रथिन, तेच तिला बाधतं. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे तसं लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. नुसतं 'ज्वारी पीठ' एवढंच छापलेल्या पाकिटाची अशी कसलीही हमी नसते.

ताईंनी आमचं पीठ बोटांत चोळून बघितलं, "बारीक दळलंय, छान येतील," म्हणाल्या आणि संध्याकाळी या म्हणून सांगितलं. संध्याकाळी भाकऱ्यांची चळत तयार होती, वर कागदात बांधलेली शेंगाचटणी. उखळात कुटलेली, तेल सुटलेली. शेंगदाणे, तिखट, लसूण, मीठ, जिरं, बास. रात्रीचं जेवण तेच, वर लॉजवाल्याकडून मिळालेलं घट्ट दही.

सोलापुरात धपाटेही चांगले मिळतात, पण त्या पिठात बहुतेक ठिकाणी कणीक असते. थालीपिठाच्या भाजणीचं आणि मेतकुटाचंही तेच.

दुसरा दिवस : मंगळवेढा

या दिवसाबद्दल किती लिहू असं झालंय.

मंगळवेढ्याची काळी माती डोळ्यांत भरते. परतीच्या पावसाची ओल धरून ठेवणारी ही जमीन, आणि त्या ओलीवरच येणारी रब्बीची ज्वारी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीची कणसं वाऱ्यावर हलत होती. इथल्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. लेक गाडीची काच खाली करून विचारत होती, "हे सगळं मला चालतं?" सगळं चालतं म्हटल्यावर ती बराच वेळ बाहेरच बघत राहिली.

आधी दामाजीपंतांच्या देवळात गेलो. दुर्गादेवीच्या दुष्काळात बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारं लोकांना खुली करणारे ते संत, आणि त्यांच्यासाठी महाराचं रूप घेऊन धान्याचे पैसे भरायला गेलेला विठ्ठल. ही गोष्ट लेकीला ठाऊक होती. मग मी तिला दुसऱ्या एका दुष्काळाची सांगितली. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धात, हॉलंडमध्ये अन्न मिळेनासं झालं होतं. विलेम डिके नावाचे मुलांचे डॉक्टर तिथे सिलिॲकच्या मुलांवर उपचार करत होते. गव्हाबद्दलचा संशय त्यांना आधीपासून होता. पाव मिळेनासा झाला तेव्हा ही मुलं सुधारली आणि युद्ध संपून पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. त्यानंतर डिके यांनी नीट अभ्यास करून १९५० साली आपला प्रबंध मांडला, आणि दुखण्याचं मूळ गव्हात आहे हे जगाला पटलं. त्याआधी कित्येक लेकरं कारण न कळताच गेली. देवळाच्या पायरीवर बसून ती हे सगळं ऐकत होती. "म्हणजे त्यांच्यामुळे मी बरी आहे," म्हणाली.

हुरड्याला ज्या शेतावर गेलो ते ओळखीच्यांच्या मामांचं. हुरडा पार्ट्यांची जाहिरात करणारी शेतं आता बरीच झालीत, पण तिथे एक बघायला लागतं. हंगाम सरत आला की हुरडा भाजायच्या त्याच आगटीत गव्हाच्या ओंब्याही भाजतात. शिवाय हुरड्याबरोबर मिळणाऱ्या गोडीशेवेत मैदा असू शकतो. इथे घरचीच माणसं होती. गोवऱ्यांची आगटी पेटलेली, कोवळी कणसं तिच्यात खुपसलेली. मामा गरम कणीस तळहातावर धरून चोळायचे, फुंकर मारून कोंडा उडवायचे आणि हिरवे, वाफाळते दाणे लेकीच्या ओंजळीत टाकायचे. गूळ, लसणाची चटणी, दही, बोरं. गारठा पडत चालला होता, धूर डोळ्यांत जात होता, आणि मांडी घालून बसलेली लेक कुणाला काही न विचारता खात होती. तिला असं खाताना मी फारशी बघितलेली नाही. बाहेर कुठेही ती आधी माझ्याकडे बघते.

जेवायची वेळ झाली तसं मी आमचं पीठ काढलं. मामांच्या आईंना, घरात सगळ्यांच्याच त्या आजी, ते आवडलं नाही.

"आगं, शिवार आमचं आन् पीठ पुण्याचं व्हय? लेकराला माझ्याच ज्वारीची भाकर घालती की."

मी गिरणीचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग सुनेला म्हणाल्या, "जातं काढ."

पडवीच्या कोपऱ्यात जातं होतं. हरभरा, तूर भरडण्यापलीकडे त्याचा वापर नव्हता. आजींनी ते कोरड्या फडक्यानं पुसलं, पहिली मूठ ज्वारी दळली आणि ते पीठ कोंबड्यांना टाकलं. हे मी सांगायच्या आधी त्यांनी केलं. मग एका बाजूला त्या आणि दुसऱ्या बाजूला लेक, खुंट्याला दोघींचे हात. जाड, किंचित रवाळ पीठ पाळूभोवती साचत गेलं. भाकरी आमच्या परातीत थापली, आमच्याच तव्यावर भाजली. थापताना आजींच्या बोटांचे ठसे भाकरीच्या कडेला उमटत होते. पाण्याचा हात फिरवून उलटली की वाफ यायची, आणि निखाऱ्यावर टेकवली की टम्म फुगायची. वर लोणी, शेंगांची आमटी, भरलेली वांगी. फोडणीला हिंग नव्हता. "आमी घालतच न्हाय," आजी म्हणाल्या.

जेवताना त्यांनी विचारलं, "काय झालंय गं लेकराला?" मी जेवढं सोपं करता येईल तेवढं करून सांगितलं. ही ॲलर्जी नाही. गव्हातल्या चिकट प्रथिनामुळे तिचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं. अन्न शोषून घेणारी आतड्याची बारीक लव झडते आणि मग खाल्लेलं अंगी लागत नाही. तिची उंची वाढायची थांबली होती, लोहाची औषधं देऊनही रक्त भरत नव्हतं. पोटाचा त्रास म्हणाल तर फारसा नव्हताच, त्यामुळे शोध लागायला वेळ गेला. औषध नाही, गहू जन्मभर बंद हाच उपाय. तो पाळला की लव परत येते, आणि ही बघा आता कशी उंच झालीय.

शेजारच्या वस्तीवरची एक तरुण सून ऐकत उभी होती. तिच्या धाकट्याचं असंच, म्हणाली. रक्त कमी, वजन वाढत नाही, गोळ्या देऊन उपयोग नाही. असं प्रत्येकाला सिलिॲकच असतं असं मुळीच नाही, हे तिला आधी सांगितलं. मग कागदावर लिहून दिलं : लहान मुलांच्या डॉक्टरांना दाखवायचं, टीटीजी नावाची रक्ताची तपासणी करायची का ते विचारायचं, गरज पडली तर ते दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासतात. आणि ठळक अक्षरांत, तपासण्या होईपर्यंत गहू बंद करायचा नाही. आधीच बंद केला तर तपासणीत काही दिसत नाही आणि खरं कारण हाती लागत नाही. तिनं कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. तिच्या मुलाला दुसरंच काही साधं निघो, असं मनापासून वाटत राहिलं.

तिसरा दिवस : पंढरपूर

पंढरपूरला मुद्दाम एकादशीला पोचलो. गर्दी असणार, रांग लागणार हे धरूनच. मुखदर्शन घेतलं, चंद्रभागेच्या वाळवंटात लेक मनसोक्त खेळली, कुणीतरी कपाळाला बुक्का लावला.

एकादशी का, ते सांगते. एरवी कुठल्याही खाणावळीत मी "गहू चालत नाही" म्हटलं की "एवढ्याशानं काय होतंय" असं उत्तर येतं. कढई वेगळी हवी म्हटलं की माणसं वैतागतात. उपवासाच्या बाबतीत मात्र हे कुणाला शिकवावं लागत नाही. उपवासाची कढई वेगळी, झारा वेगळा, तेल वेगळं, भांडं धुऊन घेतलेलं, हे प्रत्येक आचाऱ्याला पाठ असतं. हिंगही उपवासाला घालत नाहीत. आणि एकादशीला पंढरपुरात अशा खाणावळी असतात, जिथे दिवसभर चुलीवर गव्हाचं काही चढतच नाही. साबुदाण्याची खिचडी, भगर आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू, रताळ्याचा कीस. आम्ही गेलो तिथल्या काकांना मी विचारलं, "आज इथे गव्हाचं काही होतं का?" त्यांना प्रश्नच चमत्कारिक वाटला. "एकादशीला? माउली, इथं आज मिठाचं भांडंसुद्धा येगळं हाय."

तेव्हापासून मी कुठेही पहिला प्रश्न हाच विचारते, "तुमच्याकडे उपवासाची कढई वेगळी आहे का?" आहे म्हणाले तर बसायचं. हायवेवरही हे चालतं. फक्त साबुदाणावडा उपवासाच्याच तेलात तळलाय ना, एवढं डोळ्यांनी बघून घ्या. समोसा आणि ब्रेडपकोडा तळलेल्या तेलातलं काहीही नको, मग तो नुसता बटाटा असला तरी.

प्रसादाचे चुरमुरे आणि बत्तासे तिनं पिशवीतून मुठी भरभरून खाल्ले.

चौथा दिवस : कोल्हापूर

सगळा दिवस गाडीत गेला. वाटेत एका ढाब्यावर "शुद्ध ज्वारीची भाकरी" असा फलक होता. आत जाऊन बघितलं तर मोडू नये म्हणून पिठात कणीक मिसळत होते. पाणी पिऊन निघालो. फलक वाचून कधीच बसू नका, आत जाऊन पिठाचा डबा बघा.

रात्री कोल्हापुरात एका मटणाच्या खाणावळीत माझं छापील कार्ड दिलं. ते मराठीतच आहे. त्यावर असं लिहिलंय : "माझ्या मुलीला गहू, कणीक, रवा, मैदा, शेवया, पाव, जव यांतलं कणभरही चालत नाही. त्यांनी माखलेला हात, परात, तवा, तेल चालत नाही. बांधणीचा हिंग चालत नाही. भात, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, डाळी, भाजी, दूध, मासे, मटण चालतं." आजाराचं नाव सगळ्यात शेवटी, लहान अक्षरांत. नाव वाचून कुणी काही करू शकत नाही, यादी वाचून करू शकतं. आपल्या भागात हे नाव फार कमी कानांवर गेलंय. २०१६ साली देशाच्या तीन भागांतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात उत्तरेत शंभरात एकाहून थोडे जास्त प्रौढ सिलिॲकचे आढळले, तर दक्षिणेत हजारात एक. आनुवंशिक कल मात्र दोन्हीकडे सारखाच. फरक होता तो मुख्यतः ताटातल्या गव्हाचा.

मालकांनी कार्ड दोनदा वाचलं, आत गेले, परत आले. "ताई, रस्सा दोन्ही चालंल. पीठ न्हाई, हिंग न्हाई, मसाला घरचा. भात चालंल. पर भाकरी देत न्हाई तुम्हाला. आमच्यात चपाती आन् भाकरी एकाच परातीत हुती. उगं हो म्हणून पोरीला तरास नको."

मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. "काही होत नाही, खा बिनधास्त" म्हणणारे पावलोपावली भेटतात. धंद्याच्या वेळेला, भरलेल्या खाणावळीत, नाही म्हणणारा माणूस हजारात एक. त्यांनी तांबडा-पांढरा रस्सा वेगळ्या पातेल्यातून, नव्या डावानं वाढला. आम्ही सोलापूरची कडक भाकरी काढून पांढऱ्या रश्शात कुस्करली. त्यांनीही तुकडा मागून घेतला. "झकास हाय की ओ."

पाचवा आणि सहावा दिवस : मालवण

राधानगरी, दाजीपूरचं जंगल, मग फोंडा घाट. घाट उतरला तशी हवा बदलली, दमट झाली. मालवणला पोचेपर्यंत कडक भाकरी मऊ पडली होती. कोकणात नेणार असाल तर हवाबंद डब्यातच न्या.

कोकण म्हणजे भात, मग काय बघायचं, असं वाटतं. बघावं लागतंच. तळलेल्या माशाला रवा लावतात, हे सगळ्यात मोठं. आणि ज्या तव्यावर दिवसभर रव्याचे मासे तळलेत तिथे तांदळाचं पीठ लावूनही उपयोग नाही. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकूंना हे सांगितलं, तवा पुढे केला. "रवो नको? मगे तांदळाचां पीठ लावतंय," म्हणाल्या, आणि आमच्या तव्यावर बांगडे तळले. बाहेरून कुरकुरीत, आत लुसलुशीत. तिरफळ घातलेली आमटी, सोलकढी, उकड्या तांदळाचा भात. मालवणी वड्यांचं मात्र त्यांनी आपणहून सांगितलं : त्यांच्या पिठात तांदूळ, उडीद, ज्वारीबरोबर थोडा गहूही असतो. बऱ्याच घरांत तो असतो. मग कोंबडीच्या रश्शाबरोबर घावणे झाले. नुसतं तांदूळ, पाणी, मीठ. जाळीदार, पांढरेशुभ्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला झाला, दुपारी झोपा झाल्या. चार वाजता काकूंनी लेकीला हाक मारली, "ये गो चेडवा, शिरवाळे करूया."

लाकडी शेवगा, म्हणजे शेवया दाबून काढायचा साचा, मांडला होता. तांदळाच्या पिठाची उकड मळून त्याचे उंडे केलेले आणि ते उंडे उकळत्या पाण्यात शिजून वर आलेले. एक उंडा गरम असतानाच शेवग्यात घालायचा आणि वरचा दांडा जोर लावून दाबायचा. लेक दोन्ही हातांनी लोंबकळली तेव्हा कुठे तो खाली गेला आणि खालच्या जाळीतून पांढऱ्या, ओलसर शेवया केळीच्या पानावर उतरल्या. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. शेवया आमच्या घरातून गेल्यात त्याला वर्षं झाली. ईदला समोरच्या घरून शीरखुर्मा येतो, लग्नाकार्यात शेवयांची खीर असते, आणि तिला ते लांबून बघायची सवय झालीय. बोट लावायच्या आधी तिनं माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत काकूच म्हणाल्या, "ह्यां सगळां तांदळाचां आसा, बाय. पोटभर खा."

वाडग्यात शेवया, वर नारळाचा दाट रस, गूळ, वेलची. तिनं दोन वाडगे संपवले आणि तिसरा मागितला. काकूंना इतका आनंद झाला की त्यांनी उरलेले उंडे रात्रीसाठी राखून ठेवले.

शेवगा घ्यायचा असेल तर लाकडी नवाच घ्या. वापरलेल्या लाकडात आधीचं पीठ मुरलेलं असतं, ते धुऊन जात नाही. आम्ही परतताना कुडाळच्या बाजारात घेतला.

काकूंनी सांगितलेली कृती अशी : जुने तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून घरीच दळायचे. जितकं पीठ तितकंच पाणी उकळायचं, त्यात मीठ आणि चमचाभर तेल, मग पीठ घालून दणदणीत वाफ आणायची. गरम असतानाच मळायचं, उंडे वळायचे, उकळत्या पाण्यात सोडायचे. वर तरंगले की एकेक काढून दाबायचा, बाकीचे पाण्यातच ठेवायचे, गार झाले तर दाबता येत नाहीत. रसासाठी नारळ ताजाच फोडायचा, डब्यातलं दूध वापरायचं नाही, हे त्यांनी आम्ही गाडीत बसल्यावरही खिडकीशी येऊन पुन्हा बजावलं.